हातमोजा काढण्याचे शास्त्र

बाबा, अलीकडेच मी जिंकता येण्यासारखा एक सामना माझ्या हाताने घालवला, आणि त्याचे श्रेय निःसंशय तुम्हाला जाते. तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षे लोटली. त्या अवधीत मी नागरिकत्व बदलले, तीन चाकऱ्या बदलल्या, मस्तकावरील केशसंभाराचा तर संपूर्ण त्याग केला. परंतु तुमच्याकडे तक्रार घेऊन येण्याची सवय तेवढी शाबूत आहे. तक्रारही जुनीच आहे. तुमचा तो पट्टशिष्य.

आधी खेळ समजावून सांगतो, कारण तुमच्या हयातीत बर्फ हा आपल्या घरी केवळ पाहुण्यांच्या सरबतासाठी ट्रेमधून आपटून काढला जाणारा पदार्थ होता. इथे सिडनीत एका बंदिस्त सभागृहाची समग्र भूमी त्याने आच्छादलेली असते. बाहेर मंडळी अर्ध्या चड्डीत हिंडत असतात आणि आत आम्ही कानटोप्या घालून उभे असतो. सुमारे वीस किलोंचा, वर मूठ बसवलेला, दिसायला थेट किटलीसारखा असा एक पाषाण एका खेळाडूने बर्फावरून घसरवायचा. दुसऱ्या दोघांनी ब्रश घेऊन त्याच्यापुढे बर्फ घासत धावायचे, म्हणजे पाषाणाची गती टिकते. पलीकडच्या टोकाला वर्तुळे रंगवलेली असतात. त्यांच्या केंद्राशी ज्यांचा पाषाण निकटतम, त्यांना गुण. दोन्ही संघांचे सगळे पाषाण टाकून झाले की एक डाव, इथल्या भाषेत 'एंड', संपतो, आणि ज्यांना त्या डावात गुण मिळाले नाहीत त्यांना पुढच्या डावात शेवटचा पाषाण टाकण्याचा लाभ मिळतो. या क्रीडेला कर्लिंग म्हणतात. तुमची सून तिला 'घरात कधी केर न काढलेल्या पुरुषांचे प्रायश्चित्त' म्हणते, आणि स्वतः महिलांच्या संघातून माझ्यापेक्षा बरे खेळते. हा मुद्दा मी विस्ताराने मांडू इच्छीत नाही.

तर तुमचा पट्टशिष्य. तो माझ्यानंतर या देशात आला. स्कोफिल्ड्सला त्याला भाड्याचे घर मी शोधून दिले, पहिली गाडी घ्यायला बरोबर मी गेलो, आणि एका रविवारी केलीव्हिलच्या माझ्या घरून जाऊन त्याला गाडीत घालून बर्फावरही मीच नेले. 'त्याला बर्फावर मी आणले' हे वाक्य मी आजवर इतक्या जणांना ऐकवले आहे की माझा मुलगा ते आता माझ्याआधी इंग्रजीत म्हणून दाखवतो. पहिल्या दिवशी तो दोनदा पालथा पडला. ते दोन्ही प्रसंग माझ्या आयुष्यातील निर्भेळ सुखाच्या क्षणांत मोडतात. त्यानंतर तो पडला नाही. काही काळातच त्याने स्वतंत्र संघ बांधला, त्याचा कर्णधार झाला, आणि यंदा राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या उपान्त्य सामन्यात माझ्या संघासमोर उभा ठाकला. पुरुषांचे आणि महिलांचे सामने एकाच छताखाली, शेजारशेजारच्या पट्ट्यांवर चाललेले. माझ्या संघात टूवूंबाचा एक प्लंबर आहे. भला मोठा, मितभाषी गृहस्थ. या स्पर्धेसाठी तो रजा टाकून, दिवसभर गाडी हाकून आला होता. अंतिम फेरी हे त्याचे अनेक वर्षांचे स्वप्न होते, आणि माझेही. फक्त माझ्या स्वप्नात पट्टशिष्य प्रेक्षकांत बसलेला असे.

आता जरा मागे या. आंतरशालेय पाठांतर स्पर्धा आहे. मी तुमचा पुत्र, घरी तुमच्याच मुखातून निघणारे संस्कृत जन्मापासून ऐकत आलेला. तो आपल्याच आळीतल्या शिंप्याचा मुलगा, तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा. तो व्यासपीठावर उभा राहतो, प्रत्येक चरणानंतर जितके थांबायला हवे तितकेच थांबतो, आणि पहिला येतो. मी सगळे श्लोक बिनचूक म्हणतो, मात्र अंगाला आग लागल्यासारखे भराभर, आणि दुसरा येतो. पडद्यामागे तुम्ही माझ्या दंडाला धरून मला बाजूला घेता. "चेहरा कसा झालाय बघ तुझा. मत्सर दिसतोय त्यावर, लांबून दिसतोय. जा, आधी त्याला हात दे. चेहरा येईल मागाहून." मी जातो. हात देतो. त्यानंतर तुम्ही आम्हा दोघांना मसाला डोसा खायला नेता. त्याला विचारता, "आणखी काही घेणार का रे?" आणि मला सांगता, "पानातलं टाकायचं नाही." माझ्या पानात चटणीखेरीज काही नसते.

ती विद्या माझ्या अंगी इतकी भिनली की पुढे तिचे शास्त्रच झाले. ऑफिसात दुसऱ्याला बढती मिळाली, की तिथे सर्वप्रथम पोहोचणारा हात माझा. शेजाऱ्याच्या घराची किंमत वाढली, हात माझा. सहकाऱ्यांत मी दिलदार म्हणून विख्यात आहे. चेहरा अजून वाटेत आहे.

उपान्त्य सामना. शेवटून दुसरा डाव. गुण समसमान, केंद्राशी आमचा पाषाण सुखासनात बसलेला, त्याच्यापुढे आमचाच दुसरा पाषाण द्वारपालासारखा उभा. पट्टशिष्याच्या हातात त्या डावातला अखेरचा पाषाण. तो वाकतो, सरपटत पुढे येतो, आणि मूठ सोडतो. घाईचा लवलेश नाही. पाषाण द्वारपालाला वळसा घालतो, आमच्या पाषाणाला हलकेच ढकलून वर्तुळाबाहेर धाडतो आणि त्याच्या जागी स्वतः स्थानापन्न होतो. ते एक गुणाने पुढे. शेजारच्या पट्टीवर आपला सामना सोडून तुमची सून ब्रशच्या दांड्यावर हनुवटी टेकवते आणि म्हणते, "क्या बात है." माझ्या कोणत्याही कृत्याला उद्देशून हे तीन शब्द तिने आजतागायत उच्चारलेले नाहीत.

बाबा, त्या थंडीत माझी कानशिले भाजून निघाली. आणि तुम्ही शिकवलेले सारे आपोआप घडू लागले. मी बर्फावरून त्याच्या दिशेने चालत गेलो, उजव्या हातातला मोजा काढला, आणि हात पुढे केला.

इथे या खेळातला एक शिष्टाचार सांगणे प्राप्त आहे. हरणाऱ्या कर्णधाराला आशा उरली नाही, की तो हातमोजा काढून प्रतिस्पर्ध्यापुढे हात करतो. त्याचा अर्थ, आम्ही पराभव मान्य केला. हात मिळाला की सामना संपला. एरवी चांगल्या फेकीचे कौतुक करायचे तर लांबूनच ब्रश किंचित उचलतात. हे नवशिक्यालाही पहिल्या आठवड्यात सांगतात. मीच कित्येकांना सांगितले आहे. माझा हात अर्ध्यावर पोहोचला तेव्हा मला ते आठवले.

पट्टशिष्याने आपले दोन्ही हात जॅकेटच्या खिशांत घातले. "काय करतोयस?" तो हळूच म्हणाला. "ग्लव्ह घाल."

"उत्तम फेक होती," मी म्हणालो.

"ते ठीक आहे रे. एक एंड बाकी आहे, आणि लास्ट स्टोन तुमचा आहे, येड्या. हात खाली घे. मी काही बघितलं नाही."

त्याने खरोखर पाहिले नसते, बाबा. तेवढा तो सज्जन आहे, आणि हीच तर त्याच्याविषयीची माझी मूलभूत तक्रार आहे. शेवटचा पाषाण आमचा होता. एक गुणाची पिछाडी म्हणजे काहीच नव्हे. परंतु हात खाली घ्यायचा, तर तो कौतुकासाठी नव्हे, चेहरा झाकण्यासाठी पुढे आला होता, हे त्याला कळणार. शिवाय पुढे जिंकलोच, तर अंतिम फेरी मी त्याच्या कृपाप्रसादाने गाठलेली असणार, आणि स्कोफिल्ड्स ते केलीव्हिल दरम्यान त्याचा उल्लेखसुद्धा तो कधी करणार नाही. ते मला सहन झाले नसते.

"दिला तो दिला," मी म्हणालो.

"तुझं काय करायचं," तो पुटपुटला, आणि हात खिशातून काढला.

प्लंबर मागून घसरत आला. "मेट, तू आत्ता त्याच्याशी शेकहँड केलास?"

"खिलाडूवृत्ती," मी म्हणालो.

"लास्ट रॉक आपला होता." त्याने हे वाक्य आणखी एकदा, अधिक मृदू स्वरात म्हटले, जणू एखाद्या आजाऱ्याला सांगावे. मग तो बाकावर जाऊन बसला आणि बुटाची नाडी सोडू लागला. मी क्षमा मागितली. "नो वरीज," तो म्हणाला. त्या दोन शब्दांत इतकी चिंता मी कधी ऐकली नव्हती.

जेत्यांनी पराभूतांना पेय पाजायचे, अशी या खेळाची आणखी एक क्रूर प्रथा आहे. पट्टशिष्याने प्लंबरला बिअर आणि मला जिंजर बिअर आणून दिली आणि माझ्याशेजारी बसला. "सरांना हे सांगितलं असतं ना, तर हसले असते," तो म्हणाला.

"माझे वडील हसत नसत."

"वर्गात हसायचे की," तो म्हणाला. "खूप हसायचे."

परतताना गाडीत तुमच्या सुनेने विचारले, "जिंकत होतास ना?"

"शक्यता होती."

"मग?"

"त्याची फेक चांगली होती."

"मीही चांगल्या टाकते. मला नाही कधी हात दिलास तो." तिच्या संघाने तिसरे स्थान पटकावले. ते कांस्यपदक सध्या आमच्या स्वयंपाकघरात, गाडीच्या किल्ल्या अडकवतात त्या खुंटीवर विराजमान आहे, आणि कामावर जाताना रोज मला त्याची परवानगी घेऊन किल्ली काढावी लागते.

अंतिम सामना पाहायला मी गेलो. पट्टशिष्य जिंकावा अशी मी मनोभावे प्रार्थना केली. तो हरला असता तर मी कोणा उपविजेत्याकडून हरलो असे झाले असते. तो जिंकला. पदक गळ्यात पडल्यावर त्याच्या हाती ध्वनिक्षेपक देण्यात आला. त्याने बर्फ तयार करणाऱ्यांचे आभार मानले, संघाचे मानले, बायकोचे मानले. मग म्हणाला, माय टीचर बॅक होम, त्यांनी मला पाठांतर शिकवलं. ते म्हणायचे, शेवटच्या ओळीला घाई करायची नाही. आज शेवटचा पाषाण टाकताना मला तेच ऐकू आलं. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. तुम्हाला, बाबा. एका बर्फाळ गोदामात, तुमचा एक शब्दही न कळणाऱ्या माणसांनी.

मला तुम्ही हे कधी सांगितले नाहीत. मला 'आटप' म्हणालात. आंघोळ आटप, जेवण आटप, गृहपाठ आटप. वर्गात चाळीस मुलांना पुरवून घरी येईपर्यंत तुमच्यात थांबण्याइतका धीर उरत नसे, हे मला आज, तुमच्या तेव्हाच्या वयाचा झाल्यावर, उत्तम समजते. समजल्याने फारसा फरक पडत नाही. शिंप्याच्या मुलाला तुम्ही ताजे मिळालात, मला दिवसाअखेरचे.

प्लंबर माझ्याशेजारीच टाळ्या वाजवत होता. मी त्याच्याकडे झुकलो आणि म्हणालो, "तो ज्यांच्याबद्दल बोलतोय ना, ते माझे वडील."

"असं?" तो म्हणाला. "गुड ऑन हिम. आणि तुला काय शिकवलं त्यांनी?"

मी विचार केला. पुष्कळ केला. "शेकहँड करायला," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिले, मग बर्फाकडे, आणि मग तो भला माणूस खांदे गदगदा हलवत इतका हसला की पुढच्या रांगेतली माणसे वळून बघू लागली. उपान्त्य सामन्यापासून तो माझ्याशी मोजकेच बोलत होता. त्यानंतर बोलू लागला.

हे पत्र धाडायचे तर तुमच्या वतीने ते घेण्याचा अधिकार जगात एकाच माणसाला पोहोचतो, आणि तो स्कोफिल्ड्सला राहतो. त्याला ते मिळणार नाही. तो वाचेल, समजून घेईल, आणि वर फोन करून विचारपूस करील. शिवाय प्लंबरला म्हटलेल्या त्या वाक्यात 'माझे' हा शब्द मी टाळ्यांच्या वर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने उच्चारला. पट्टशिष्य तेव्हा आमच्यापासून फार दूर उभा नव्हता. त्याने ऐकला असावा. मी तो त्याच्यासाठीच उच्चारला होता.