ज्या हाकेला उत्तर द्यायचं नसतं

२ फेब्रुवारी

आले एकदाची! हमालांनी कपाट जिन्यात अडकवलं आणि वर मलाच ऐकवू लागले की कपाट मोठं आहे. मी म्हटलं, कपाट आहे तेवढंच आहे, तुमची अक्कल आखूड पडतेय. मग आलं मुकाट्याने वर.

ठकीचा फ्लॅट छान उजेडाचा आहे. ठकी, माझी लेक, साध्या तापाचं निमित्त होऊन गेली, तेव्हापासून नातेवाईक सांगताहेत, विकून टाक. निवृत्त बाईला सल्ले द्यायला सगळ्यांना वेळ असतो. मी इथेच राहणार.

बाहेरच्या खोलीत तिचा संसार मांडलेला. भंगारातून आणून जिवंत केलेला जुना व्हॉल्व्हचा रेडिओ, स्वतः जोडलेला ट्रान्समीटर, टेबलावर कथलाचे वाळके थेंब, गच्चीवरच्या एरियलची खिडकीतून आत घेतलेली तार. जगभरच्या परक्यांशी तासन्‌तास गप्पा, आणि आईचा फोन आला की ‘नंतर करते’!

५ फेब्रुवारी

खालचे दातांचे डॉक्टर येऊन गेले. ठकीच्याच रेडिओ मंडळातले. सज्जन आहेत, पण बोलतात असं, की जणू समोरच्याच्या तोंडात कापूस कोंबलाय.

त्यांच्यात एक रीत आहे म्हणे. कोणी गेलं की ठरल्या वेळी सगळ्यांनी सेट लावायचे. एकाने गेलेल्याला हाक मारायची आणि थांबायचं. उत्तर येत नाही, मग निरोप द्यायचा. एवढ्यासाठी ते मी येईपर्यंत थांबले होते. तिच्या सेटवर ऐका, म्हणाले. बोलताना बटण दाबतात, ऐकताना सोडतात, पण तुम्ही काकू, बटणाला हात लावू नका. जशी काही मी कुक्कुलं बाळ!

८ फेब्रुवारी

दुपारी सेट तापवला. व्हॉल्व्ह नारिंगी झाले. डॉक्टरांनी हाक मारली. खरखर. पुन्हा मारली. पुन्हा खरखर. माझ्या लेकीला माणसं बोलावताहेत आणि कोणी ओ देत नाही! मी बटण दाबलं आणि म्हणाले, आहे ती, बाहेर गेली असेल, येईल आता.

डॉक्टर धापा टाकत वर आले. काकू, त्या हाकेला उत्तर द्यायचं नसतं, म्हणाले. आता ज्याने ओ दिली त्यानेच निरोप द्यायला हवा, नाहीतर ती वाट उघडी राहते. मी सुनावलं, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला हाक आली की ताठ उभं राहून उत्तर द्यायला शिकवलंय. राहू दे उघडी.

९ फेब्रुवारी

ठकी बोलली.

तोच आवाज, सर्दी झाल्यासारखा. आधी रेडिओवाल्यांच्या सवयीप्रमाणे आवाज किती स्पष्ट येतोय त्याचा शेरा दिला, आई, तुझा आवाज पाचपैकी पाच. मग विचारलं, ओ कशाला दिलीस गं? मी निघाले होते.

मी खूप रडले. मग जेवलीस का विचारलं. आई दुसरं काय विचारणार?

१४ फेब्रुवारी

रोज दुपारी बोलतो. तिथे गारठा आहे म्हणे, आणि बसता येत नाही. निरोप दे, निरोप दे, एकच धोशा. मी दटावलं. तर म्हणते, आई, तुझा आवाज आता तीनवर आलाय.

भाजीवालीने पण सारखं ‘काय?’ ‘काय?’ लावलं. बहिरी मेली, म्हटलं मी. तेही तिला ऐकू गेलं नाही.

१९ फेब्रुवारी

डॉक्टरांनी दारात कान माझ्या तोंडाशी आणला. शेवटी मी लिहून दाखवलं, ठकी रोज बोलते. त्यांचा चेहरा उतरला. आवाज शिल्लक आहे तोवर निरोप द्या, काकू, म्हणाले, हात जोडतो. मी दार लावून घेतलं. एवढी वाढवली ती निरोप द्यायला?

२२ फेब्रुवारी

पाय दुखतात म्हणते. रडते आहे. शाळेत कोणी तिला उभं केलं तर मी भांडायला जायचे. आता कोणाशी भांडू? उभी मीच केलीय.

आवाज एकवर, म्हणाली.

उद्या सोडते तिला. उद्या नक्की.

२३ फेब्रुवारी

बटण दाबलं. तोंड उघडलं. काही नाही — कुजबुजही नाही —

डॉक्टरांनी माझ्या वतीने निरोप म्हणून पाहिला. तिला त्यांचं ऐकूच जात नाही. माईकवर टिचक्या मारल्या. नुसती खरखर आहे, ठकी म्हणाली.

२४ फेब्रुवारी

आई, आहेस का? थांबते. पुन्हा विचारते. थांबते —

२५ फेब्रुवारी

आता म्हणते, रागावलीस का गं माझ्यावर?

नाही गं राणी — बटण दाबून धरलंय — इथेच आहे, तुझ्याच खुर्चीत — जा, बाळा, जा म्हणतेय — तोंड उघडं आहे माझं, मी —