विमलताईचा हरवलेला हंगाम

२३ ऑगस्ट २००५, मंगळवार

संपलं एकदाचं! सोसायटीच्या कम्प्युटरातलं वजनकाट्याचं टेबल नुसतं बोचकं झालतं. कापसाची एक गाडी तोलली की एक ओळ. अशा सहा लाख ओळी! एका सभासदाचं नाव शोधाले लावा अन् चहा पिऊन या. वर सचिव वामनराव डोक्यावर उभे — "गझाला, मशीन झोपली का तू झोपली?" शिव्या देऊन मशीन पयते का?

सकाळी २०००-०१ च्या हंगामापर्यंतचा सगळा जुना माल सीडीवर उतरवला. दुपारी वामनरावांची घाई — "काढ ना आता ते जुनं, चारले सायेब येऊन राह्यले." मग ३१ डिसेंबर २००१ पर्यंतच्या ओळी टेबलातून उडवल्या. आता बटण दाबलं की नाव हजर! मीच मले शाबासकी दिली. दुसरं कोण देते इथं?

२ जानेवारी २००६

सोसायटीची निवडणूक लागली. विमलताई उभी राहून राह्यली! स्वतः गाडी हाकत कापूस आणणारी बाई. तिचं एकच म्हणणं — काटा सगळ्यांसमोर तपासा. अध्यक्ष किसनरावच्या पोटात तेव्हापासून दुखून राह्यलं. नियम असा की मागचे पाच हंगाम सलग कापूस आणला असंन तरच अर्ज चालते. तिनं तर एकही साल सोडलं नाही. मी स्वतः पाह्यलं आहे तिले काट्यावर.

९ जानेवारी

अर्ज बाद! हंगाम २००१-०२, विमलताईच्या नावावर एकही ओळ नाही. किसनराव सगळ्यांपुढं हसला — "कम्प्युटर खोटं बोलते का बाई?" ती माझ्याकडे पाहत होती. मले जमीन फाटली तर बरं असं झालं.

तिले पावती विचारली. म्हणे घर गळलं तेव्हा लगदा झाला. काट्याची जुनी पुस्तकं? ती वामनरावांनी कधीचीच रद्दीत घातली. "कम्प्युटर आल्यावर कागद कायले पाह्यजे?" इच्यामारी! रद्दीवाल्याले अक्कलही देऊन टाकली काय सोबत?

१० जानेवारी

सीडी लावली. तिच्यातही नाही! म्हंजे कोणीतरी मुद्दाम पुसलं. ऑफिसची दुसरी चाबी कोणाकडे? किसनरावच्या भाच्याकडे! तापलंच डोकं. भर काट्यावर, दहा-बारा गाड्या उभ्या असताना, किसनरावच्या तोंडावर बोलली — "तुम्हीच पुसलं तिचं साल! बाईची भीती वाटते तुम्हाले!"

तो लाल झाला. "पोरी, तोंड सांभाळ." काहून सांभाळू? चोराच्या उलट्या बोंबा!

११ जानेवारी

जेवली नाही. अम्मी म्हणते, "नौकरी गई समझ." जाऊ दे गेली तर!

१३ जानेवारी

आज पुरावा काढाले बसली. म्हटलं किसनरावचा स्वतःचा कापूस काढून दाखवावा, कसा जागच्या जागी आहे ते. त्याचा अर्धा माल दरसाली दिवाळीतच येते.

दिवाळी २००१. काहीच नाही. त्याच्याही नावावर जानेवारीपासूनच्या ओळी.

मग वाहिद कासारचं पाह्यलं. हिरासिंगचं पाह्यलं. सगळ्या गावाचं पाह्यलं. १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर २००१, साऱ्या तालुक्यात एक बोंड नाही तोललं कोणी! टेबलात नाही, सीडीत नाही. बाकीच्यांचा माल जानेवारी-फेब्रुवारीतही आला, म्हणून त्यांचं साल वाचलं. विमलताईचा त्या साली डिसेंबरापर्यंतच आलता.

हीच वही मागं उलटवली. २३ ऑगस्ट. माझंच अक्षर. सकाळी हंगाम पाहून सीडीवर घेतलं, तो हंगाम सप्टेंबरात संपते. दुपारी तारीख पाहून पुसलं, डिसेंबरापर्यंत. मधले तीन महिने ना घरचे ना घाटचे. कापसाचं साल दसऱ्याले सुरू होते हे शेंबडं पोरगंही सांगते. अन् मी, काट्यावर लहानाची मोठी झालेली, भिंतीवरचं कॅलेंडर पाहून कापलं! वरून स्वतःले शाबासकी! थू!

१४ जानेवारी

काट्यावर सगळ्यांसमोर किसनरावची माफी मागितली. लेखी दिलं. तो हसला नाही, तेच जास्त लागलं. अर्जाचं विचारलं. "मुदत संपली."

तिथून विमलताईकडे गेलती. चुलीपुढं बसली होती. सांगितलं — ताई, तुमचं साल मी पुसलं. माझ्या हातानं. तिनं भाकर उलटवली. मग म्हणाली,

"त्या साली कापसाचा दुसरा अन् तिसरा वेचा बोंडअळीनं खाल्ला. पह्यला तेवढा वाचला होता पोरी. तो तू खाल्ला."