बदललेली बिस्किटं

दादा,

काल माझ्या डब्यातली बिनगव्हाची बिस्किटं काढून तू तुझी गव्हाची भरलीस, आणि वर आज सकाळी दात काढत विचारलंस, "काही झालं का?" झालं. काल दुपारभर संडासात होते. डॉक्टरांनी सिलिॲक, म्हणजे गव्हाने आतडं बिघडण्याचा आजार, सांगितला तरी तुझ्या मते हे सगळं जागरणाचं, मोबाईलचं आणि माझ्या नखऱ्यांचं.

मी मैत्रिणीकडे राहायला जातेय. फोन करू नकोस.

डॉक्टर म्हणाले, हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो, सख्ख्या भावाचीही तपासणी करा. तुझं सारखं तोंड येतं, हेही मी त्यांना सांगितलंय; तेही याचंच लक्षण असू शकतं म्हणे. सोमवारी जाऊन रक्त देऊन ये. तोवर गहू सोडू नकोस, नाहीतर तपासणीत काही दिसत नाही.

तुझी उरलेली बिस्किटं ओट्यावर ठेवलीत. खा पोटभर. मग बघू, नखरे कोणाचे ते.