पाहुण्यांसाठी झाकलेले संगणक

बिश्केक, १२ जून

ती. थोरले बंधू तुराट बाइकेंस,
धाकट्या बहिणीचा सा. सलाम वि. वि.

मेरीम सुखरूप पोचली. वहिनींच्या कुरुताचा, त्या वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांचा, पोरांनी केव्हाच फडशा पाडला. आता वाईट बातमी. मेडिकलची प्रवेश परीक्षा संगणकावर होती. तुमची हुशार लेक माउस उचलून हवेतच फिरवत बसली. तो कसा धरायचा हे कळेपर्यंत निम्मा वेळ गेला. येत होतं तेही राहिलं. यंदाची जागा हुकली, बाइके.

पोरगी धड जेवत नाही. मी विचारलं, अगं, बाबांच्या शाळेत संगणक आहेत ना? तर म्हणाली, आहेत की, मुख्याध्यापकांच्या खोलीत, आईने भरतकाम केलेल्या झाकणांखाली, पाहुण्यांसाठी! आधी हसू आलं, मग असा संताप आला म्हणता! आपल्या आईने चांगल्या रजया पाहुण्यांसाठी रचून ठेवल्या आणि आपण कुडकुडत झोपलो, ते विसरलात वाटतं?

फटकळपणाबद्दल क्षमा करा, पण माया पातळ करू नका.

तुमची साइकाल

कारा-बुलाक, १९ जून

चि. साइकाल हिस अनेक आशीर्वाद.

गाडीवाल्याने पत्र दिलं. रागावू कुणावर? मलाच तोंड लपवावंसं वाटतंय. संगणक आले तेव्हा गावाने मेंढी कापली होती. एवढी भारी वस्तू, म्हणून मीच कुलूप घातलं. हात लावाल तर याद राखा, असा मुलांना दम भरला. जिल्ह्याचे साहेब आले की झाकणं काढायची, चहा पाजायचा, पुन्हा झाकायची. ते वाहवा करत, मी फुगत असे.

मेरीमने विनवलं होतं, परीक्षेआधी थोडं बसू द्या. मुख्याध्यापकाच्या मुलीला वेगळा नियम नाही, म्हणून मी तिलाच झिडकारलं. तिची जागा मीच घालवली गं. तुझी वहिनी तर झाकणं चुलीत घालायला निघाली होती.

पोरीला जप. भावाला एवढ्यावरून तोडू नकोस.

तुराट

बिश्केक, २६ जून

ती. बाबांस सा. सलाम.

आत्याने तुमचं पत्र वाचून दाखवलं. मी खूप रडले, खोटं कशाला सांगू? पुढच्या वर्षी पुन्हा बसेन. आईला म्हणावं, झाकणं जाळू नकोस, त्यांच्या उशा कर. आणि तुम्ही कुलूप काढा.

लोभ असू द्या, दम नको.

मेरीम

कारा-बुलाक, ४ जुलै

चि. मेरीम, खूप आशीर्वाद.

काल कुलूप काढलं. सुट्टी असूनही मुलांना बोलावलं. सगळी जोडे काढून, हात धुऊन दाराशीच बसली. आत कुणी येईना. मी गोडीने बोललो, शेवटी हात जोडले, तरी एक हलेल तर शपथ! मग पहिलीतल्या चिनाराला उचलून संगणकासमोर बसवलं. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि मलाच विचारलं, मास्तर, पाहुणे कधी यायचेत?

तू लवकर ये, बाळ. माझ्यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

तुझा अपराधी,
बाबा