दोऱ्याचा रंग

१५ नोव्हेंबर २०२२
वकिलाकडून आलं: पिंकीच्या पोलीस-जबानीची झेरॉक्स, चौदा पानं, दीडशे रुपये! भावजींना सोडवतील तेव्हा सोडवतील, आधी आम्हाला सोलतील.

सात वर्षांची पोट्टी. मागच्या वर्षी दसऱ्याला संध्याकाळी इथे रायपुरात, बूढापाऱ्यात तिच्या आजोबाला, भैय्यालाल फळवाल्याला, स्कूटरनं उडवलं. म्हातारा गेला. पाहणारी ही एकटीच. हिनं नंबरचे दोन आकडे सांगितले अन् आमच्या गंगाधरभावजींना धरलं! जामिनावर आहेत, गोंदियाला वन्संकडे.

१७ नोव्हेंबर
कोर्ट. मुलगी घाबरते म्हणून मधे पडदा! वकिलानं तोंडानं विचारायचं नाही. प्रश्न लिहून द्यायचे, जज्जबाई नको ते कापणार, उरलेले लाडानं विचारणार. "बेटा, पानी पियोगी?" उलटतपासणी की बारसं?

पडद्याआडून पोट्टी म्हणे, "गाड़ी में तितली जैसा पत्ता बंधा था, धागे से." तितली! फुलपाखरासारखं पान म्हणे! आमचे यशवंतराव वकील हसले. लिहून दिलं, धागा कोणत्या रंगाचा? जज्जबाईंनी कापलं: "साल भर पुरानी बात, बच्ची गड़बड़ा जाएगी."

बाहेर वकील म्हणे, "वहिनी, गडबडाले तर पाहिजे होती! तिथंच सुटले असते भावजी."

मीही तणतणले. माणूस उद्या तुरुंगात जाईल अन् विचारायची सोय नाही! असला कसला न्याय?

२० नोव्हेंबर
एकादशी. देव घासायला काढले. देवीमागे दसऱ्याचं आपट्याचं पान, वाळलेलं. चिमटीत धरलं. दोन पंख.

तितली.

मागच्या वर्षी दसऱ्याला सकाळी भावजींच्या स्कूटरची पूजा मीच केली. हँडलला पान बांधलं. पूजेचा नाडा कशाला विकत आणायचा? ब्लाउजचा उरलेला जांभळा दोरा होता. दुसऱ्या दिवशी पान नव्हतं. म्हटलं, वाऱ्यानं गेलं.

पण वारा गाठ सोडतो? अन् भावजी तर सांगतात, स्कूटर दिवसभर अंगणातून हललीच नाही!

आपट्याची पानं रायपुरात शंभर स्कूटरींवर असतील. जांभळा दोरा एकीवरच.

तेवढंच विचारायचं होतं. तेवढंच कापलं. शहाण्या जज्जबाई, शहाणे वकील! अन् सगळ्यांत शहाणी मी.

२१ नोव्हेंबर
भावजी फोन उचलत नाहीत. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड टाकलं. उघडंच, वन्संनीही वाचावं:

"पान कधी सोडलं, कोणी सोडलं? उलट टपाली कळवा. नाहीतर जज्जबाईंकडे मी अर्ज देते, पोरीला दोऱ्याचा रंग विचाराच."