बेनीप्रसादचा गुडघा

नवेगाव. पौष, मंगळवार.

आज साहेबाची मोटरबोट माझ्या हातून पुन्हा घाटाच्या दगडावर आदळली. लाकडी डोंगा वल्हवायची सवय! पाय बाहेर काढून थोपवायला गेलो, थोडक्यात पाय वाचला. शिकवणारा ड्रायव्हर, जबलपूरचा बेनीप्रसाद, सगळ्यांदेखत हसला. "डोंगेवाले से नहीं होगा."

मग त्याच्या हातची बोट घाटापाशी अलगद कशी थांबते? मला एवढंच सांगतो, इंजन बंद कर. आज तो चालवत असताना मी पाण्याकडे नाही, त्याच्या गुडघ्याकडे पाहून राहिलो. तिथं एक दांडा आहे. तो मागे ओढला की पंखा उलटा फिरतो आणि बोट जागीच थांबते. मी चाक धरलं की हा हरामखोर त्या दांड्यावर गुडघा आडवा टाकून बसतो. महिनाभर!

विचारलं, "हे मले काऊन नाही सांगितलं?"

"तू सीख गया तो साहब मुझे काहे को रखेगा?"

लाजही नाही. तोच गुडघा खाजवत बोलला.

परवा मला विचारत होता, तलावात बुडालेले खडक कुठं कुठं आहेत. सगळे दाखवणार होतो.

उद्या बोट तोच नेणार आहे. मी घाटावर बसून पाहीन.