कात्री सापडत नाही

रेणापूर

प्रिय वीरेश,

तुला, सुनेला आणि आमच्या मनस्विनीला मनापासून आशीर्वाद. घरात फोन असताना आई पत्र का लिहितेय म्हणून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर बोलायला लागले की तुझे अप्पा शेजारीच कान देऊन बसतात. म्हणून हे शेजारच्या अण्णारावांच्या हाती देतेय. ते उद्या तुमच्या नांदेडलाच लेकीकडे निघालेत.

तू पाठवलेलं दाढीचं मशीन पोचलं. पोचलं म्हणजे दिसलं. कडक प्लास्टिकच्या आत ते ऐटीत बसलेलं आणि आम्ही दोघं बाहेर. त्याला उघडायची जागाच नाही रे! चारी कडा चिकटवलेल्या. मी नखानं बघितलं, नख गेलं. दातात धरायला गेले तर अप्पा ओरडले, कवळी तुटंल म्हणून. विळीवर धरलं, तर घसरून थेट कणकेच्या परातीत. असलं पाकीट करणाऱ्याच्या घरात म्हातारी माणसं नसतात का, एवढंच मला त्याला विचारायचंय.

कात्री आणायला उठले, तोच अण्णाराव म्हणाले, द्या इकडं, एका झटक्यात फाडतो. ते अप्पांना लागलं. तुला ठाऊकच आहे, जन्मभर किराणा दुकानात बसून त्यांनी एक पुडा कधी फाडला नाही. जोडावरून अंगठ्याचं नख फिरवायचं आणि अलगद उघडायचं. त्यासाठी ते नख वाढवलेलं असायचं, आणि त्यावरून मी त्यांना कायम बोलायचे. पुडा फाडायचा नसतो, उघडायचा असतो, हे तू बिस्किटासाठी भोकाड पसरलेलं असतानाही ऐकलं आहेस. लकवा आला आणि नेमका तोच उजवा हात गेला. ते नख मीच कापलं. कापताना त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं.

तेव्हापासून तो हात शालीखाली. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी दाबायला रबराचा चेंडू दिला, तर "मी काय लेकरू हाय का चेंडू खेळायला?" म्हणून पलंगाखाली ढकलला. तू फोनवर व्यायामाचं विचारायचास आणि मी पावसापाण्याचं सांगत बसायचे. काय सांगणार? माणूस हळूहळू स्वतःलाच झाकून घेत होता.

पण हे पाकीट त्यांनी मनावर घेतलं. पूजा झाली, कपाळाला विभूती लावली की मांडीवर घेऊन बसायचे, डाव्या हातात सुपारीचा अडकित्ता. पण डाव्यानं कापायचं तर धरणार कोण? मला हात लावू देईनात. मग शालीतून उजवा हात बाहेर आला. आधी नुसता वजनासारखा वर ठेवलेला. पाकीट सटकायचं, हे शिव्या द्यायचे, परत ठेवायचे. वैतागून त्यांनी कात्री मागितली, तर ती काही सापडेना. पुन्हा अडकित्ता. गुरुवारी मी भाकरी थापत होते. सहज मान वळवली, तर त्यांची बोटं पाकिटाच्या कडेवर वळली होती. अंगठासुद्धा! वीरेश, तव्यावरची भाकरी करपली, पण मी मान चटकन चुलीकडे वळवली. माझीच दृष्ट लागेल असं वाटलं.

शनिवारी जोड सुटला. मशीन राहिलं बाजूला, आधी मला हाक मारून पाकीट दाखवलं, "बघ, कुठं फाटलंय का?" मग दाढी केली. डाव्या गालावर थोडी राहिली आहे. कप अजून उचलता येत नाही, पण उजव्या हातानं जवळ ओढून घेतात. शाल घडी करून ठेवली आहे.

परवा तू फोनवर म्हणालास, आई, पुढच्या वेळी पाकीट इथंच कापून वस्तू मोकळी पाठवतो. हे पत्र त्यासाठी आहे. तसं करू नकोस, राजा. बॅटरी पाठव, कंगवा पाठव, काहीही पाठव, पण दुकानातलं सगळ्यात चिवट पाकीट निवडून पाठव. आणि तुम्ही याल तेव्हा कात्री आणू नका. आपली हरवलेली नाही. त्यांचा हात शालीबाहेर आलेला दिसला, त्याच दुपारी मी ती ज्वारीच्या कोठीत तळाशी घातली आहे.

तुझीच,
आई